कुंदाकाकूंची उडती माणसं

कुंदाकाकूंकडे कॉमिक मागायला गेलं की त्या आधी म्हणायच्या, "हात दाखव." पंजे उलटेसुलटे करून पाहायच्या, वासही घ्यायच्या. "तर्री-पोहे खाऊन आला का गा? जा, साबणानं धुवून ये." तेव्हा काकू सदुसष्टच्या होत्या आणि मी अडतीसचा.

धरमपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात उभा जन्म गेलेला. घरात एक लोखंडी पेटी. तिच्या कोपऱ्यात लग्नाचा शालू आणि बाकी पेटीभर कॉमिक्स, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली.

सुपरहिरोचा नवा पिक्चर लागला की पहिल्या दिवसाचा पहिला शो ठरलेला. आल्या की जिन्यातच सुरू. "इतका उडून राहिला, पण पाठीवरचा कपडा चुरगळत नाही! टेरिकॉटच असन. सुती असता तं पहिल्याच मारामारीत पोतेरं झालं असतं." व्हिलनचा मात्र त्यांना राग नसायचा. "त्याले लहानपणी कोणी जवळ घेतलं नाही, बाप्पा. नाहीतर माणूस दुनिया काहून जाळते?"

सगळी बिल्डिंग हसायची. मी तर हिंगण्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये काकूंची नक्कल करून दाखवायचो. लोक फर्माईश करायचे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्या मला सोबत बोलवू लागल्या. "रविवारी येतो का पिक्चरले?"

"पुढच्या रविवारी नक्की, काकू," मी म्हणायचो आणि पांघरूण ओढून घ्यायचो. असे चार पिक्चर लागले नि उतरले. पाचव्याला गेलो, तोही बायकोनं ढकललं म्हणून.

थिएटरात माझ्या लक्षात आलं, लोक हसले की काकू क्षणभर उशिरा हसतात. मग त्यांनी माझी बाही ओढली.

"आता काय चालू आहे?"

"मारामारी."

"ते आवाजानं समजते गा. पडलं कोण?"

मी वळून पाहिलं. मान तिरकी करून त्या पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे पाहत होत्या.

मध्यंतरात त्यांनी सांगितलं. नजरेच्या मधलं जात राहणार, कडेकडेचं तेवढं उरेल, असं डॉक्टर दिवाळीतच म्हणाले होते. "तेव्हा अर्धंमुर्धं दिसे. आता नुसता उजेड हलते."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू दवाखान्यात भेटाले आल्यासारखा आला असता. मले पिक्चरले येणारा पाहिजे होता."

त्या चार रविवारी मी काय केलं होतं, ते आठवून पाहिलं. झोपलो होतो.

मध्यंतरानंतर मी त्यांच्या कानाशी कुजबुजत राहिलो. वाईटच सांगत होतो. कोण कोणाच्या बाजूनं हेच मला कळत नव्हतं, त्यामुळे नावं त्याच पुरवत होत्या. एका जागी पुलावरून पडणाऱ्या पोरीला हिरोनं अधांतरी झेललं. टाळ्या पडल्या. काकू हातातला रुमाल घट्ट धरून पुढे सरकल्या.

"हसली का गा ते पोरगी?"

मी त्यांच्याकडेच पाहत होतो. पडद्यावर केव्हाच दुसरं काही सुरू झालं होतं.

"हसली," मी म्हणालो.

"खूप?"

"हो काकू. खूप."