अस्सल गळतीची कॅरव्हॅन

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ग्लेनिस ट्रेलोर या बाईंनी नवऱ्याकडे स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली. लान्स खाणीतून निवृत्त झाला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला एक जुनी, छोटीशी कॅरव्हॅन हवी, चाकांवरचं घर. आपल्या गाडीमागे जोडायची, वॅलारूच्या किनाऱ्यावर न्यायची, दार समुद्राकडे करायचं आणि पायरीवर बसून चहा प्यायचा. बास." ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या त्यांच्या ब्रोकन हिल शहरात धूळ हवी तेवढी मिळते, समुद्र मिळत नाही. मागणी रास्त होती. लान्सने ती तिथल्या तिथे तत्त्वतः मान्य केली. तत्त्वतः मान्य झालेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे अनुभवी माणसांना सांगायला नको.

पाहिलेली पहिलीच कॅरव्हॅन ग्लेनिसला पसंत पडली. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची होती. साठ सालची, प्लायवुडची, दोन माणसं आणि त्यांचं एक भांडण मावेल एवढी. ग्लेनिस आत जाऊन बसली, खिडकी उघडून पाहिली, शेगडीची कळ फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हीच." व्यवहार तिथेच व्हायचा. पण लान्सने चार लोकांचा सल्ला असावा म्हणून जुन्या कॅरव्हॅनवाल्यांच्या मंडळाचं सभासदत्व घेऊन ठेवलं होतं, आणि सल्ला सोबत आला होता.

मंडळाचे अध्यक्ष डेस पास्को पूर्वी नगरपालिकेत इमारत तपासनीस होते. नगरपालिका सुटली, तपासणी सुटली नव्हती. त्यांनी मान वर करून छत न्याहाळलं.

"पावसात गळतं का?"

"छे हो! थेंब आत येत नाही," मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

पास्कोंचा चेहरा उतरला. त्यांनी लान्सला बाजूला घेतलं. "गड्या, त्या काळची छतं गळायचीच. हे गळत नाही, म्हणजे कुणीतरी दुरुस्त केलंय."

"मग चांगलंच की, डेस!"

"चांगलं आणि अस्सल यातला फरक कळत नसेल तर सरळ नवी घे ना, प्लास्टिकची. लोक हसतील तेवढं सोस म्हणजे झालं."

लोक हसतील म्हटल्यावर लान्सचं अवसान गळालं. हा माणूस जन्मभर जमिनीच्या पोटात सुरुंगाशेजारी बसून डबा खात होता. पण चार लोकांच्या हसण्यापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

दुसऱ्या कॅरव्हॅनचे ब्रेक नवे निघाले. "पण थांबते ना ती?" ग्लेनिसने विचारलं. "थांबते, हाच तर पुरावा आहे, बाई," पास्को खेदाने म्हणाले. तिसरी शहराबाहेर एका मेंढपाळाच्या कुरणात, कोंबड्यांच्या ताब्यात होती. दार उघडत नव्हतं. खिडकीतून वाकून पाहिलं तर छताच्या भोकातून ऊन थेट शेगडीवर पडलं होतं, आणि शेगडीवर कोंबडी बसली होती. पास्कोंनी डोक्यावरची टोपी काढली.

"कुणाचा हात लागलेला नाही," ते म्हणाले.

"हात लावायची कुणाची छाती आहे?" ग्लेनिस म्हणाली. "वास बघा!"

"वासही मूळचा आहे."

पदरी पडलं ते पवित्र मानून ग्लेनिसने तीच घेऊ दिली. कोंबड्या हटवल्या. दार मात्र मंडळाने नेमलेल्या सुताराकडून, मंडळाच्या देखरेखीखाली, जेवढ्यास तेवढं उघडण्यात आलं. छताला हात लावण्यास मनाई झाली. गळती ही सदर कॅरव्हॅनचं अविभाज्य अंग असल्याचं मंडळाच्या समितीचं मत पडलं.

आता ती ओढायची कशाने? लान्सच्या पिकअपने ती आरामात ओढली असती, म्हणूनच पिकअप बाद झाली. जुन्याला जुनंच हवं. त्यांनी पिकअप विकून एक जुनी मोटार घेतली. तिला स्वतःलाच चढ चढवत नव्हता, मागे हे लटांबर कुठून ओढणार? शिवाय रस्त्यावर नेलं तर मूळचे टायर झिजतील, हा मुद्दा पास्कोंनी काढलाच. शेवटी ओढण्यासाठी निवडलेली कॅरव्हॅन आणि तिला ओढण्यासाठी घेतलेली मोटार, दोघीही एका ट्रकवर चढून मंडळाच्या वॅलारूतल्या प्रदर्शन-मेळाव्याला गेल्या. लान्स आणि ग्लेनिस मागाहून बसने गेले.

मेळाव्याला पोशाख त्या काळचाच हवा होता. ग्लेनिसने आईचा फुलाफुलांचा झगा चढवला. लान्सची अडचण गुडघ्यापाशी आली. तो शस्त्रक्रिया करून बसवलेला, धातूचा होता, आणि त्या काळात तसे गुडघे नव्हते. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून त्याला गुडघ्यावर घोंगडी टाकून बसण्याची सूट दिली, लंगडण्याची मात्र दिली नाही.

सगळ्या कॅरव्हॅन एका ओळीत लागल्या. प्रेक्षक रस्त्याकडून येणार, म्हणून दारं रस्त्याकडे. पाठी समुद्राकडे. कुणी आत जाऊ नये म्हणून दारात दोरी बांधलेली. रात्री सगळे सभासद मोटेलात झोपायला गेले.

सकाळी पास्कोंनी ग्लेनिसला पायरीवर बसवलं आणि हातात एक कप दिला. "असा धर. चेहरा समाधानी."

तिने कपात पाहिलं. "यात काही नाही."

"डाग पडतो गं चहाचा."

पायरी होती, कप होता, समुद्र होता तो पाठीशी. ग्लेनिस समाधानी चेहरा करून तासभर बसली. लोकांनी भराभर फोटो काढले. एक तरुण मुलगी नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, किती सुखी असायची ही माणसं! आपणही अशीच घेऊ या." ते ऐकल्यावर मात्र ग्लेनिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती उठली आणि कप घेऊन मंडळाच्या ओळीमागे निघून गेली.

मागे वाळूच्या कडेला एक नवी, पांढरीफटक, प्लास्टिकची कॅरव्हॅन उभी होती. दारात कुणी ओळख ना पाळख अशी बाई विजेच्या किटलीतून चहा ओतत होती. तिने ग्लेनिसचा रिकामा कप पाहिला आणि न विचारता भरला. दोघी पायरीवर दाटीवाटीने बसल्या. समोर समुद्र होता.

लान्स धापा टाकत आला, लंगडत. "अगं, पहिलं बक्षीस आपल्याला! माणसाच्या वापराची खूणसुद्धा नाही, म्हणाले परीक्षक. चल लवकर, फोटो आहे. हे काय, कपात चहा?"

"बस इथे," ग्लेनिस म्हणाली. "गरम आहे. जागा करते."

लान्सने पायरीकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिकडे पास्को हात उंचावून बोलावत होते, आणि लोक वाट पाहत होते.

"आलोच," तो म्हणाला. "एवढा फोटो होऊ दे."

हसलात? हसा. पण काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेला तो चांगला चहाचा सेट आधी खाली काढा, त्यातून घरच्या माणसाला एकदा चहा द्या, आणि मग लान्सला नावं ठेवायला या. आम्ही थांबतो.