इंटरव्हलच्या आत

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत, माझ्या दारासमोरच्या घरात, एक बाई स्वतःच्याच फोटोला रोज ताजा हार घालत असत. फोटो मोठा, काळा-पांढरा, जाड चौकटीतला. त्यात पंचविशीतली एक देखणी स्त्री, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर किंचित वर, छताला लागलेली गळती बघत असावी तशी. आणि फोटोखाली खुर्चीवर तीच स्त्री, म्हातारी होऊन, चहात पाव बुडवून खात बसलेली. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी मी त्यांच्याकडे साखर मागायला गेलो होतो. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि साखर न घेताच परत आलो.

या इंदुप्रभाबाई. कृष्णधवल सिनेमाच्या काळातल्या नटी. नाव आठवत नसेल तर तुमचा दोष नाही. त्यांना पाहायचं तर थिएटरात वेळेवर पोचावं लागे. कारण बाई इंटरव्हलच्या आत मरत. कधी नायकाची आई, कधी वहिनी, कधी मास्तरांची सोशिक बायको. क्षयाने, बाळंतपणात, पुरात, एकदा तर नुसत्या अपमानाने. मग उरलेला सिनेमाभर त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर, आणि बाकीचे त्याच्यापुढे उभे राहून रडत, शपथा घेत, पेढे ठेवत. घरातला फोटो तोच. एका स्टुडिओला टाळं लागलं तेव्हा बाईंनी तो भंगारातून उचलून आणला होता.

खरं तर देवगडहून त्या आल्या होत्या नायिका व्हायला. पहिल्या सिनेमात नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम मिळालं. तिला दुसऱ्याच रिळात मरायचं होतं.

"तिथेच घात झाला," बाई सांगत. "इतकी छान मेले की लाइटवाले रडले. त्यानंतर मला जिवंत ठेवायला कोणी तयारच होईना."

ऐन तारुण्यात त्या स्वतःपेक्षा मोठ्या नायकांच्या आया झाल्या. "फोटोला मेकअप लागत नाही, डबा लागत नाही, फोटो उशिरा येत नाही. निर्मात्यांना मी फार सोयीची होते." लग्न त्यांनी केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणत, "हार घालून घ्यायची हौस फिटली होती."

पडद्यावरचं हे अर्ध्यातून जाणं बाईंच्या अंगवळणी पडलं होतं. सत्यनारायणाला आल्या तर आरतीआधी उठत, लग्नाला गेल्या तर पंगतीआधी. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून आवाज चढला की पदर सावरून म्हणत, "चला, माझं इंटरव्हलच्या आत आटपतं." दुसऱ्याच्या मरणाला मात्र बारीक नजर. दुसऱ्या मजल्यावरचे सामंत गेले, तेव्हा दर्शन घेऊन बाहेर येताच माझ्या कानाशी पुटपुटल्या, "चेहरा छान ठेवलाय हो. पण पायाकडची माणसं नुसतीच उभी आहेत."

त्या पायाकडच्या माणसांतही मी नव्हतो. मला मरणाची भयंकर भीती वाटते. कोणी गेलं की मी शेवटून पहिला पोचतो, आणि तिरडी बांधून होईपर्यंत कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी गप्पा मारतो. माझी बायको सरोज म्हणते, तुम्ही स्वतःच्या वेळीही खालीच थांबाल.

हार नंदाखाल गावच्या मेरीचा. वाडीतला सोनचाफा आणि मोगरा घेऊन ती सकाळी यायची. एकदा तिने न राहवून विचारलं, "बाई, ही तुमची बहीन काय?"

"हो. धाकटी."

"कधी गेली?"

"इंटरव्हलच्या आत," बाई म्हणाल्या. मेरीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि त्या दिवसापासून हारात दोन फुलं जास्त घालायला लागली.

बाईंची एक युक्ती मला त्यांच्याकडूनच कळली. मरणाच्या प्रसंगात उशाशी एखादं पोर लागायचंच. एका सिनेमात ते पोर खरंच घाबरलं. बाईंनी मान टाकली आणि त्याने अशी किंकाळी फोडली की दिग्दर्शक खूश झाला, पण पोराला तापच भरला. पुन्हा म्हणून बाईंच्या जवळ यायला तयार होईना. तेव्हापासून बाई प्रत्येक पोराला आधीच सांगून ठेवत: मी मेले तरी चादरीखालून तुझा हात दाबत राहीन. दाबतेय तोवर समज, मी आहे.

"चेहरा मेलेला, हात जिवंत," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्याला दिसत नाही." आणि माझा हात धरून तिथेच खुर्चीत मेल्या. जबडा सैल, पापण्या अर्धवट, श्वास कुठे दिसेना. मी ताडकन उठलो. पण त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर हलकेच दाबत होता. "अजून जमतं," डोळे न उघडता बाई म्हणाल्या.

त्यांचं दार कायम किलकिलं असे, फटीत एक चप्पल अडकवलेली. विचारलं तर म्हणत, वारा येतो. एकदा सोसायटीचे नवे सेक्रेटरी म्हात्रे गळती बघायला आले. बाई न्हाणीघरात होत्या. म्हात्र्यांनी फटीतून ताजा हार पाहिला, दोन हाका मारल्या, आणि खाली जाऊन सूचनाफलकावर लिहून टाकलं: दुःखद निधन, शोकसभा संध्याकाळी, पार्किंगमध्ये.

मी त्या दिवशी अर्नाळ्याला सुके बोंबील आणायला गेलो होतो. परतलो तर पार्किंग पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं. फलक वाचला. वर जायची हिंमत होईना, म्हणून बोंबलांची पिशवी पाठीमागे धरून शेवटच्या रांगेत उभा राहिलो. शेजारच्या खांबाआड कोणीतरी उभं होतं. इंदुप्रभाबाई स्वतःची शोकसभा ऐकत होत्या.

"म्हात्रे ओव्हर करतोय," त्या कुजबुजल्या, आणि दुसरं भाषण सुरू होताच लिफ्टकडे निघाल्या.

पुढे म्हात्रे पेढे घेऊन माफी मागून गेले, इमारत आठवडाभर हसली. मीही हसतच बाईंकडे गेलो. बाई हसत नव्हत्या.

"खाली पुष्कळ माणसं होती, नाही?"

"पार्किंग भरलं होतं, बाई."

"वर कोणीच आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दार उघडं होतं. मी न्हाऊन वेणी घालत बसले होते. वर कोणी नाही आलं."

मीही वर गेलो नव्हतो.

"सेटवर मरताना शंभर माणसं असायची," बाई म्हणाल्या. "एकटीने मरायची मला सवय नाही. भीती वाटते हो. म्हणून दार उघडं ठेवते. माझ्या वेळी तुम्ही याल? समोरच तर राहता."

"येईन की," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अभिनय कच्चा आहे तुमचा."

गेल्या पावसाळ्यानंतर बाई खंगत गेल्या. सरोज पेज करून द्यायची. दाराशी पातेलं पोचवायचं काम माझं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता हॉस्पिटलचा त्रास देऊ नका. दुसऱ्याच दिवशी सरोज बाजारात गेली असताना मेरीने माझी बेल दाबली. हातात हार तसाच. "काका, बाई पानी पन घेत नाय. तुमी या."

मी समोरच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. चप्पल फटीत होती. खाली जाऊन म्हात्र्यांना बोलवावं, असं मनात आलं. लिफ्टचं बटणही दाबलं. मग लिफ्ट आली, आणि तिला तशीच सोडून मी आत गेलो.

बाई पलंगावर होत्या, गळ्यापर्यंत चादर. मी उशाशी स्टुलावर बसलो. त्यांनी डोळे उघडले.

"घाबरलात?"

"छे."

त्या किंचित हसल्यासारखं वाटलं. मग चादरीखालून त्यांचा हात आला, माझा हात त्यांनी आत ओढून घेतला आणि अंगठ्याने तळवा दाबला. घाबरलेलं पोर कोणतं, हे त्यांना अजूनही चटकन कळत होतं. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस मी, तसाच रडत बसलो.

त्यांनी डोळे मिटले. जबडा सैल झाला, श्वास दिसेनासा झाला. चेहऱ्यावरून काही कळणं शक्य नव्हतं. त्यात बाई तरबेज. मी हातावर लक्ष ठेवलं. अंगठा दाबत होता. थांबत होता, पुन्हा दाबत होता. खाली टँकर आला, बायकांची गडबड ऐकू आली. मग अंगठा थांबला. मी वाट पाहिली.

"काका," मेरी हळूच म्हणाली, "बाई गेल्या काय?"

"थांब जरा," मी म्हणालो, आणि चादरीखालून बाईंचा हात दाबायला लागलो.