मागचा डावा पाय

“या कंपनीतली एक टाचणीसुद्धा माझ्या नजरेतून सुटणार नाही!” शलाका घोरपडेने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं. सगळे हसले. तेव्हाच कुणीतरी तिला अडवायला हवं होतं!

शलाका बडोद्याबाहेरच्या एका अवाढव्य रसायन कारखान्यात फायनान्सची अप्रेंटिस होती. वर्षभर स्टायपेंड घ्यायचा, राबायचं, आणि वर्ष संपलं की सहा अप्रेंटिसांपैकी एकाला कायम करणार. बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि फुलांचा गुच्छ. शलाकाला झोपेत तो गुच्छ दिसायचा आणि ती घामाघूम होऊन उठायची. “काय गं, भूत दिसलं का?” आई विचारायची. भूत परवडलं असतं. भुताबरोबर प्रमाणपत्र तरी येत नाही!

अशात तिच्याकडे मालमत्ता तपासणीचं काम आलं. कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूवर बारकोडचा टॅग चिकटवायचा, मोबाइलने स्कॅन करायचा आणि वस्तू कुणाच्या ताब्यात आहे ते नोंदवायचं. इतर अप्रेंटिसांनी या कामाला शिक्षा म्हणून नाकं मुरडली. शलाका मात्र मोहिमेवर निघाली. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, ते रक्त आता टॅगांचं बंडल घेऊन कँटीनमध्ये शिरलं. खुर्च्या झाल्या, पंखे झाले, माशांची टाकी झाली. उंदराचा पिंजरासुद्धा सुटला नाही. आत उंदीर होता, म्हणून फक्त त्याला वगळलं!

टॅग असा जालीम होता की काढायला गेलात तर खालचा रंग सोबत घेऊनच निघेल.

फायनान्सचे मोठे साहेब म्हणजे सुभाषभाई अमीन. ते मीटिंगला गेलेले असताना तिने त्यांची केबिन उरकली. तिथे एक संखेड्याची खुर्ची होती. केशरी लाखेची, सोनेरी वेलबुट्टीची, नव्या नवरीसारखी नटलेली. शलाकाने तिच्या पाठीवर टॅग लावला, अंगठ्याने दाबला, आणि पुढे गेली.

ऑडिटर खूश! कारखान्यात वस्तू कमी निघण्याची त्यांना सवय होती, इथे जास्त निघाल्या होत्या. सुभाषभाईंनी न वाचताच यादीवर सही ठोकली. “छोकरी, कमाल कर दी!” निवृत्तीच्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचं काम कुठलं केलं असेल, तर ते तिला कायम करण्याची शिफारस पाठवण्याचं. दुपारी त्यांचं लॉगिन बंद झालं. शलाका इतकी निर्धास्त झाली की तिने कँटीनमधला दुधीचा हलवा दोनदा घेतला.

संध्याकाळी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फोटो, डोळ्यांना रुमाल. सुभाषभाई पत्नीसह गाडीत बसले, मागे टेम्पोत त्यांचं सामान. फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. आणि गेटवर टेम्पोतलं सामान तपासताना स्कॅनर कोकलला. टीं टीं टीं!

गेटवर सुरक्षा अधिकारी प्रतापसिंहराव उभे होते. लष्करातून निवृत्त, मिशी अजून नोकरीत. हे शलाकाचे सख्खे मामा. पण गेटच्या आत त्यांना ‘सर’ म्हणायचं, असा त्यांचाच हुकूम होता.

“साहेब, या खुर्चीचा गेटपास?”

“अरे प्रतापसिंहराव, ये मेरी खुद की है! घरून आणलेली, कमरेसाठी.”

“टॅग कंपनीचा आहे साहेब.”

“किसने लगाया?”

मामांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “लावणार, शलाका घोरपडे. मालमत्ता कंपनीचीच आहे असा दाखला देणार...” ते खाकरले. “आपण स्वतः.”

सुभाषभाई पांढरेफटक पडले. मागे दुसऱ्या पाळीच्या बसेस भोंगे वाजवायला लागल्या. कामगार खिडकीतून माना काढून बघत होते. फायनान्सचे साहेब शेवटच्या दिवशी कंपनीची खुर्ची घेऊन चालले, ही बातमी शहरात पार फतेगंजपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार!

शलाका धावत आली. तिने टॅगच्या कोपऱ्याला नख लावलं. लाखेचा टवका उडाला!

“आ शुं करे छे?” गाडीतून साहेबांच्या पत्नी नलिनीबेन किंचाळल्या. “मारा पप्पाए लग्नमां आपेली खुरशी छे!”

“यादीतून काढून टाक!” सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या खुर्चीकडे बघत सुभाषभाई म्हणाले.

“तो अधिकार फक्त आपल्याला आहे साहेब,” शलाका म्हणाली. “आणि आपलं लॉगिन...”

“नवीन साहेब?”

“सोमवारी येणार.”

“मग भंगारात दाखव!”

“भंगार?” नलिनीबेन गाडीतून उतरल्याच. “मारा पप्पानी खुरशी भंगार?”

सुभाषभाई शलाकाकडे वळले आणि अगदी थंड आवाजात म्हणाले, “तुझी शिफारस मागे घेता येते का गं?”

“लॉगिन लागतं साहेब,” शलाका पुटपुटली. मनातल्या मनात तिने त्या बंद लॉगिनला साष्टांग नमस्कार घातला.

शेवटी मामाच कुजबुजले. “दुरुस्तीचा पास काढ. परत येणारा माल. तो कुणीही आपल्या नावावर काढू शकतो.”

शलाकाने पास लिहायला घेतला. “बिघाड” या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. भोंगे वाढले. तिने लिहून टाकलं : मागचा डावा पाय डुगडुगतो.

“नथी डगमगतो!” नलिनीबेन ओरडल्या.

“डगमगे छे!” सुभाषभाईंनी त्यांना गाडीत कोंबलं. खुर्ची गेटबाहेर पडली.

सोमवारी एचआरच्या निरुपमा मॅडमनी शलाकाला बोलावलं. “अभिनंदन! तुझं नाव आलंय. फक्त एक बारीकशी अडचण. अप्रेंटिस म्हणून तुझं खातं बंद झाल्याशिवाय कायमचं पत्र निघत नाही, आणि तुझ्या नावावर एक खुर्ची बाहेर आहे.”

“नवे साहेब तिला यादीतून काढतील ना, मॅडम?”

“बाहेर गेलेला माल यादीतून निघत नाही. आधी आत यायला हवा. शुक्रवारपर्यंत आण, नाहीतर पत्र अमोघच्या नावाने निघेल.”

अमोघ म्हणजे दुसऱ्या नंबरचा अप्रेंटिस. त्याने लगेच “काही मदत हवी का?” असं विचारलं. इतक्या आनंदाने मदत विचारणारा माणूस शलाकाने पूर्वी पाहिला नव्हता.

चार वेळा हिंमत गोळा करून आणि तीन वेळा सोडून देऊन ती शुक्रवारी सकाळी वासण्याला साहेबांच्या घरी पोचली. नलिनीबेननी दार उघडलं, तिला ओळखलं, आणि दार अर्धं लोटलं. त्या अर्ध्या दारातूनच शलाकाने सगळं सांगितलं. गुच्छाच्या स्वप्नापर्यंत आली तेव्हा तिला रडू फुटलं. दार हळूहळू पूर्ण उघडलं.

“रडू नको बेटा. खुर्ची आत जाऊन परत येईल ना माझ्याकडे?” नलिनीबेन बडोद्याच्या मराठीत म्हणाल्या. “चल, मी पण येते. तुझ्यावर भरोसा नाही मला.”

दोघी टेम्पोत खुर्ची घालून गेटवर आल्या. मामांनी पास वाचला. खुर्ची जमिनीवर ठेवली, हलवली, पुन्हा हलवली.

“डुगडुगत नाही.”

“मामा, तेच तर... सर, दुरुस्त झाली ना!”

“उत्तम. सुताराचं बिल?”

“बिल?”

“दुरुस्तीला गेलेला माल बिलाशिवाय आत येत नाही. कलम मीच लिहिलंय.” मामांचा आवाज जरा उतरला. “दुपारपर्यंत आण पोरी. मी जेवायला जाणार नाही.”

टेम्पो निजामपुऱ्याकडे पळाला. पहिला सुतार हसला. दुसऱ्याने खुर्ची उलटी करून पाहिली आणि बिघाड दाखवा म्हणाला. तिसरा म्हातारा होता आणि त्याला दया आली.

“बेन, काम न करता बिल कसं देऊ? यात मोडलेलं काही नाही. थोडं मोडू का?” असं म्हणून त्याने हातोडा उचलला.

शलाकाने घड्याळाकडे पाहिलं. मग हातोड्याकडे. मग, देवा क्षमा कर, तिने मान हलवली.

“खबरदार!” नलिनीबेन झेपावल्या आणि खुर्चीला वाचवण्यासाठी धप्पकन तिच्यावर बसल्या.

कर्र!

नलिनीबेन खुर्चीसकट किंचित तिरक्या झाल्या होत्या. मग डोळे मिटून त्यांनी एक हात सुताराकडे केला. “हवे आप बिल. दे आता,” त्या म्हणाल्या. “छोकरीची नोकरी जाईल.”

शलाकाचे डोळे भरून आले. तिने वाकून नलिनीबेनच्या पाया पडून घेतलं. म्हाताऱ्याने चष्मा चढवला, बिलबुक काढलं, शब्द जुळायला हवेत म्हणून गेटपास मागून घेतला. तो त्याने वाचला. खाली वाकून खुर्चीखाली पाहिलं. पुन्हा पास वाचला.

“बेन,” तो म्हणाला, “यात डावा लिहिलाय. मोडलाय तो उजवा.”