सखाहरी बोरुडेला नोटीस येते

मंत्री येणार अशी बातमी लागली की आमच्या गावातले पुढारी कडक इस्त्रीचे कपडे बाहेर काढतात, ग्रामपंचायत रस्त्यातले खड्डे मुरमानं बुजवते आणि सखाहरी बोरुडे पोलीस ठाण्यात जाऊन बसायची पिशवी भरतो. पिशवीत दोन भाकरी, ठेचा, चष्मा, टॉवेल आणि अर्धवट वळलेलं एक दावं असतं. सखाहरी जनावरांची दावी, कासरे, म्होरक्या वळतो आणि घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात विकतो. ठाण्याच्या बाकावर त्याची दिवसाला तीन दावी होतात, घरी दोनच. ‘तितं कसं, मधी कुनी उठवीत न्हाई,’ असं त्याचं म्हणणं.

सरकारच्या मते सखाहरीपासून सार्वजनिक शांततेला धोका आहे. म्हणून दौऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला नोटीस येते, दौऱ्याच्या सकाळी हवालदार त्याला घेऊन जातो आणि मंत्र्यांच्या गाड्या गेल्या की सोडून देतो. गेल्या पाच वर्षांत हे अकरा वेळा झालं. मला एकदाही नोटीस आलेली नाही. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतंय, आणि ते मी लपवणार नाही.

आता माझा अधिकार काय ते सांगतो. मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी खर्डा गावाच्या बाजूला. मूलभूत हक्क मला क्रमानं पाठ आहेत. निवृत्त होऊन या गावात घर बांधल्यापासून मी वर्तमानपत्रांना सत्तावीस पत्रं लिहिली, त्यातली चार छापूनही आली. सत्तेचं केंद्रीकरण, नागरिकांचं मौन, सगळं त्यात आहे. सखाहरी सातवी नापास. तरी लोकशाहीला धोका कोणाचा, तर त्याचा! माझ्या पत्रांची कात्रणं आमच्या सौभाग्यवतींनी डाळीच्या डब्याखाली अंथरली आहेत. सखाहरीच्या नोटिशी मात्र प्लास्टिकच्या फाईलमध्ये तारीखवार लावलेल्या आहेत आणि गावात पाहुणा आला की लोक त्या दाखवायला नेतात.

त्यानं केलं काय होतं? पाच वर्षांपूर्वी एका उद्घाटनात तो मधल्या रांगेतून उभा राहिला आणि म्हणाला, ‘सायेब, एक इचारायचंय.’ एवढंच. पुढचं तोंडातून निघायच्या आत दोघांनी त्याला खांद्याला धरून मांडवाबाहेर नेलं. तेव्हापासून त्याचं नाव ठाण्याच्या यादीत बसलं. प्रश्न काय होता हे तो कोणालाच सांगत नाही. ‘सायबालाच इचारीन,’ म्हणतो. न विचारलेल्या एका प्रश्नावर माणूस तालुक्यात इतका मोठा होतो, आणि मी सत्तावीस पत्रांत विचारून विचारून दमलो.

नोटीस द्यायला शेख हवालदार येतात. बिचारा भला माणूस, चपला ओट्याखाली काढून बसतो. सखाहरी चष्मा लावून सगळा कागद मोठ्यानं वाचतो. तसा कागदाशिवाय तो कोणाचंच काही ऐकत नाही. मीटर बघायला आलेल्या वायरमनलाही तो ‘आधी कागद दाखवा’ म्हणतो. मागच्या खेपेला मी मुद्दाम आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी उभा राहून ऐकत होतो.

‘आपल्याकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे,’ सखाहरीनं वाचलं. ‘व्हय शेखभाई, कंचा गुन्हा?’

‘ते छापीलच असतं, तात्या.’

‘मंग नाव लिवा ना गुन्ह्याचं. मला बी कळू द्या मी उद्या काय करनार हाय. बाजारातून बैल न्यायचा तर पावती लागती, त्याच्यावर रंग, दात, शिंगं समदं लिवत्यात. मी तर मानूस हाय.’

‘तात्या, सही करा. चहा थंड होतोय.’

‘करतो. पन कलम बदललंय बरं का. आधी एकशे एकोनपन्नास हुतं, आता एकशे अडुसष्ट. आन् ह्या कलमात नुसती समज द्यायची हाय, बसवून ठेवायचं न्हाई. त्याचं कलम येगळं.’

शेख हवालदारांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन बसवलं. पण माझा तिळपापड झाला तो कलमामुळे. नवा कायदा आलेला मला माहीत होता, पण हा आकडा माहीत नव्हता. वर आमच्या घरातून त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी गेली. ‘दिवसभर बसायचं म्हणजे तोंडी लावायला हवं,’ सौभाग्यवती म्हणाल्या. मी एकतीस वर्षं डबा नेला, पण त्यात चटणी कधी मागितल्याशिवाय आली नाही.

शेवटी मी ठाण्यात गेलो. मोठ्या साहेबांना म्हणालो, ‘माझी मतं सरकारविरोधी आहेत, हे तुमच्या नोंदीत आहे का?’ कात्रणंही पुढे ठेवली, डाळीच्या डब्याचे गोल डाग होते तरी. साहेबांनी आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला, एक वही उघडली आणि हसून म्हणाले, ‘सर, तुमचं नाव शांतता समितीत आहे. अध्यक्षांच्या खालोखाल.’ त्या चहाला चव नव्हती.

सखाहरीचे बाकीचे विक्षिप्तपणे मी रागारागानं टिपून ठेवले होते. सायरन ऐकू आला की हा कुठेही असो, ठाण्याच्या खिडकीत किंवा बाजाराच्या रस्त्यावर, ताफ्यातल्या गाड्या बोटांवर मोजतो. ‘सतरा. आन् पांढरी एक,’ म्हणतो. दुसरं म्हणजे दौऱ्याच्या दिवशी तो आपला टेम्पो नेमका आरोग्य केंद्राच्या दारात लावतो. बाजाराचा टेम्पो, आणि आत गादी अंथरलेली! त्याचा मेव्हणा नाना दिवसभर स्टिअरिंगवर बसून असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याची अडचण होते म्हणून मी ग्रामपंचायतीला याबद्दल अर्जही दिला होता.

परवा पुन्हा दौरा निघाला. शाळेच्या मैदानावर मांडव पडला, आणि मला तिसऱ्या रांगेचं निमंत्रण आलं, शांतता समिती सदस्य म्हणून. आदल्या दिवशी पाचच्या सुमारास सखाहरी माझ्या फाटकाशी आला. तो कधी येत नाही. हातात घडी घातलेली चिठ्ठी होती.

‘सर, उंद्या मला बसवनार. तुमाला तर कुनी धरनार न्हाई.’

हे वाक्य मला किती लागलं ते त्याला कळलं नाही.

‘तेवढं इचारा सायबाला. काय म्हनले ते लिवून आना. लई वर्सं झाली, पार ऱ्हाऊनच गेलं.’

अकरा नोटिशींचा प्रश्न माझ्या खिशात आला होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता निदान अर्धी नोटीस तरी माझी, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचं भाषण चालू असताना मी चिठ्ठी उघडली. जाड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सायेब, तुमच्या गाड्यांमागं जी पांढरी ॲम्ब्युलन्स फिरती ती कंच्या दवाखान्याची? ती हिकडं आल्यावर तितं कुनाला साप चावला तर त्यानं काय करायचं? हिराबाई सखाहरी बोरुडे यांच्यातर्फे.’

हिराबाई म्हणजे त्याची बायको. मी इथं राहायला येण्याआधी ती साप चावून गेली, एवढंच मला माहीत होतं. मी मान वळवून पाहिलं. मांडवामागे ताफा उभा होता आणि शेवटची गाडी पांढरी होती. तिच्यावर आमच्याच आरोग्य केंद्राचं नाव होतं.

भाषण संपलं. मी उभा राहिलो. कोणी धरलं नाही. उलट निवेदक हसून म्हणाला, ‘आपले सर दोन शब्द आभाराचे बोलतायत,’ आणि माईक माझ्या हातात आला. समोर सगळं गाव होतं. मंत्री कौतुकानं बघत होते. मी चिठ्ठीची घडी घालून ती मुठीत धरली. मग माझ्याच आवाजात मला ऐकू आलं: ‘साहेबांनी आपला बहुमोल वेळ काढून...’

टाळ्या पडल्या. मी मंत्र्यांच्या जेवणाला न थांबता तसाच ठाण्यात गेलो. सखाहरी बाकावर दावं वळत बसला होता, आणि बाजूला आमच्या घरच्या चटणीची वाटी.

‘इचारलं?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आभार मानले.’

त्यानं दाव्याला दोन पीळ दिले. ‘असू द्या. माईक लई वंगाळ चीज आसती.’ मग विचारलं, ‘पांढरी आली हाय?’

‘आली आहे.’

‘त्या दिवशी बी आल्ती. दुपारचं तुरीच्या रानात चावला तिला. मी पाठीवर घिऊन दवाखान्यात गेल्तो. नगरला न्या म्हनले, आन् गाडी सायबाच्या मागं गेल्ती.’ त्यानं दाव्याचं टोक ओढून पाहिलं. ‘टेम्पो तवा नव्हता. नंतर घेतला.’

 त्या टेम्पोविरुद्धचा माझा अर्ज ग्रामपंचायतीत अजून पडून होता.

‘सर, एक काम करा,’ तो म्हणाला. ‘नाना सकाळधरनं उपाशी हाय. त्येला भाकर खाऊ द्या, तवर तुमी बसा टेम्पोत. कुनी पेशंट आलं तर हॉरन वाजवा. नाना समोरच्या हाटेलात आसंल, पळत येईल.’

मी जाऊन बसलो. मागे गादीवर धुऊन घडी घातलेली लुगड्याची गोधडी होती, उशाला पाण्याचा तांब्या. नाना हॉटेलात गेला आणि दहा मिनिटांत नगरहून बंदोबस्ताला आलेला एक फौजदार काठी आपटत आला.

‘ओ काका, टेम्पो काढा इथनं. साहेबांचा ताफा निघतोय.’

टेम्पो काढणं मला शक्यच नव्हतं, मला सायकलच्या पुढचं काही चालवता येत नाही. ते सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

‘कागद दाखवा.’

‘काय?’

‘टेम्पो काढायचा लेखी कागद दाखवा. दवाखान्याची गाडी तुमच्या ताफ्यात आहे. ती परत येईपर्यंत हा इथून हलणार नाही.’

हे मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून म्हणालो. फौजदारानं माझ्याकडे पाहिलं, डायरी काढली, नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मी नाव वडिलांच्या नावासकट सांगितलं. तेवढ्यात सायरन वाजला आणि तो रस्त्याकडे धावला. टेम्पोला वळसा घालून गाड्या गेल्या. मी बोटांवर मोजल्या. सतरा, आणि पांढरी एक. तालुक्याच्या हद्दीपर्यंत जाऊन ती परत यायला साडेपाच वाजले.

सखाहरी ठाण्यातून सुटून चालत आला तेव्हा नाना कधीच जेवून परतला होता, पण मी अजून स्टिअरिंगवरच होतो. फौजदाराची गोष्ट मला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. माझं नाव डायरीत गेलंय हे त्याला ऐकवायचं होतं. पण त्यानं तसं काही विचारलंच नाही.

‘कुनी आलं हुतं का?’

‘नाही. कोणीच नाही.’

‘मंग चांगला गेला दिस,’ तो म्हणाला. त्यानं गोधडी उचलून झटकली, आणि तिची दुसरी दोन टोकं धरायला मी खाली उतरलो.