गजाभाऊंचं बारा एमएमचं हाड

नवा माणूस भेटला की गजाभाऊ नमस्काराच्या आधी जीभ बाहेर काढायचे. "पार मागं बघा. हाड आहे. दाबून बघा. हात धुतलाय ना?"

सिंधी निर्वासितांच्या जुन्या कॅम्प चारमध्ये आम्ही एकाच बराकीत राहायचो आणि एकाच वर्कशॉपात टर्नर होतो. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते ते दिवस. मी लेथवर गप्प, ते लेथवर बोलत. जिभेच्या मुळाशी त्यांना देठावर लोंबणारी गाठ. डॉक्टर म्हणाले, हाड आहे, कॅन्सर नाही, लाखात एखाद्याला होतं. झालं! गजाभाऊंची छाती फुगली. आरशासमोर व्हर्नियर तोंडात घातलं, ओकारी आली तरी माप सोडलं नाही. बारा एमएम. आमच्या सिंधी शेठनं ते व्हर्नियर पुन्हा हातात धरलं नाही.

पुढं घास अडकायला लागला. शेठ म्हणायचा, "साईं, निकाल दो ना अब!" गजाभाऊ वर्षभर टाळत राहिले. मला म्हणाले, "हात गेला तर डाव्यानं मशीन चालवीन. बोलणं गेलं तर?"

"तर वर्कशॉपात काम होईल," मी म्हणालो. मी खरं तेच बोलतो, कुणाला आवडो न आवडो.

एक दिवस डब्यातली भाकरी अडकली, डोळे पांढरे झाले. मी पाठीत चार बुक्के घातले आणि रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या टेबलावरही गजाभाऊंच्या सूचना चालूच. "देठ मुळातून घ्या, कडेला खरखरीत बर ठेवू नका, काढलेला जॉब मला परत द्या."

डॉक्टर म्हणाले, "गजाभाऊ, तोंड मला उघडं पाहिजे, चालू नको."

हाड निघालं. आठ दिवस बोलणं बंद.

घरी आले त्या संध्याकाळी माझं मनगट धरून मला त्यांच्या खोलीत नेलं. वहिनींचे डोळे साखरेच्या आजारानं गेलेले. दिवसभरात कोण भेटलं, कोण भांडलं, ते गजाभाऊ त्यांना रोज तिखटमीठ लावून सांगायचे. मला समोर बसवलं आणि खूण केली, बोल.

"शेठच्या मोटरचा पट्टा तुटला," मी म्हणालो. "मी वांगी घेतली."

"संपलं, भावजी?"

गजाभाऊंनी दोन्ही हात फाकवले. वाढव म्हणे!

मग मीच म्हणालो, "पट्टा उडाला तो शेठच्या टोपीला घेऊन थेट शेजारच्या जिलेबीच्या कढईत."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "खरं का हो?"

गजाभाऊंनी त्यांचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला आणि मान जोरजोरात हलवली.