बैठकीतली कुलदेवता

घर विकायचं असेल तर आधी मला विचारा! नागपुरातून राजधानी गेली, निम्मी कचेरी मुंबईच्या गाडीत बसली आणि गल्लोगल्ली घरं विकायला निघाली, तेव्हा भलेभले कारकून हात चोळत राहिले. मी मात्र माझं घर एका दुपारात विकलं. आणि तेही माझ्या हुशारीने! निदान ती दुपार सुरू झाली तेव्हा माझी तशीच समजूत होती.

आमचं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. आम्ही कोष्टी. माझे वडील जागेश्वर यांनी जन्मभर या घरात लुगडी विणली आणि मला शिकवून कारकून केलं. माग कधीच निघाला, पण मागाचा खड्डा तसाच राहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खाली पायांनी पावड्या, म्हणजे मागाच्या लाकडी पट्ट्या, दाबतो. आमचा खड्डा चांगला कमरेएवढा खोल, आणि बैठकीच्या ऐन मधोमध!

आधीची दोन गिऱ्हाइकं तो खड्डा पाहूनच उलटपावली गेली होती. एक जूनला मला मुंबईत हजर व्हायचं होतं. तिथे खोलीला पागडी लागते म्हणे, आणि ती या घरातूनच निघायची होती. घर विकलं नाही तर माझी बायको अनुसया नागपुरात आणि मी मुंबईत खानावळीत! आता गिऱ्हाईक एकच उरलं होतं, कामठीचे बाबाराव.

कचेरीतल्या शरच्चंद्राने मला तीन मंत्र दिले. (त्याने आयुष्यात साधी सायकल विकलेली नाही, हे मला नंतर कळलं.) "भिंतींना चुना मार. खोड असेल ती झाक. आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा बायकोला घरात ठेवू नको. बायका खरं बोलून जातात!"

मी चुना मारला. खड्ड्यावर बांबूचा तट्टा टाकला, त्यावर लग्नातली सतरंजी अंथरली आणि लांबून पाहिलं. वा! काय बैठक दिसत होती!

"हे काहून झाकून राहिले?" अनुसयेने दारातून विचारलं.

"अवं, बैठकीत खड्डा पाहून माणूस पळते!"

"अन् खड्ड्यात पडल्यावर?"

"पडते कसा? मी आहे ना!"

"त्याच्यात माह्या मठ्ठ्याचं मडकं हाय. टरबूजही हाय."

"राहू दे! तू जाय शेजारी नत्थूजीच्या घरी. बोलावल्याबिगर येऊ नको."

ती गेली. 

भर दुपारी बाबाराव आले. अंगाने असे की दारात उभे राहिले आणि बैठक अंधारली! मागे त्यांच्या पत्नी देवकीबाई, पदराने वारा घेत. मी दोघांना दारातूनच डावीकडे वळवलं.

"या, अशा कडेकडेने या! भिंती पाहा! काय भिंती आहेत!"

आम्ही तिघं एकामागून एक भिंतीला घासत निघालो. पहिली भिंत झाली. दुसरी झाली. बाबारावांच्या काळ्या कोटाची पाठ चुन्याने पांढरीफेक झाली.

"बाबनराव," तिसऱ्या भिंतीला ते थांबले, "भिंती झकास हायेत जी. पण तुम्ही आम्हांले भिंतीलेच काहून चिकटवून राहिले? जरा सतरंजीवर टेकू द्या ना. जीव जाऊन राहिला गरमीनं!"

"तिथं नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेर गल्लीतलं कुत्रं उठलं.

देवकीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, पण गावभर ऐकू जाईल अशा आवाजात. "अवो, इथं काही पुरलं-बिरलं तं नाही ना? चाला, निघू आपण."

निघू! मुंबईची खोली माझ्या डोळ्यांसमोरून निघाली! आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. "अहो, तसं नाही! तिथं... तिथं आमच्या कुलदेवतेची जागा आहे!"

बाबारावांनी झटकन टोपी सरळ केली. देवकीबाई डोक्यावर पदर ओढत म्हणाल्या, "अगा, मंग आधी नाही सांगायचं? अन् आपण वहाणा घालून फिरून राहिलो!" दोघं उंबऱ्यापर्यंत गेली, वहाणा काढून परत आली.

"दर्शन घेतो," बाबाराव म्हणाले.

"दुरूनच घ्या! देवता फार कडक आहे!"

"कडक देवतेले तं साष्टांगच पाहिजे!"

मी हात पुढे केला, पण बाबाराव एकदा निघाले की निघाले! त्यांनी सतरंजीवर गुडघे टेकले. तट्टा कर्र वाजला. आणि सतरंजी, तट्टा, बाबाराव सगळं एकदम खाली गेलं! धप्प! वर अर्धे बाबाराव तेवढे उरले.

 मी मनातल्या मनात खानावळीचा पत्ता शोधू लागलो.

"अहाहा!" खड्ड्यातून आवाज आला.

"लागलं काय वो?" देवकीबाई किंचाळल्या.

"अवं, काय गार हाय इथं! एक पाय तं कशात तरी बुडूनच हाय. एकदम थंडगार!"

तो मठ्ठा होता.

आवाज ऐकून अनुसया धावत आली. तिने आधी बाबारावांना लागलं का विचारलं, पाय धुवायला पाणी दिलं, मग गूळ-पाणी दिलं.

"बाई," देवकीबाईंनी विचारलं, "हे तुमच्या कुलदेवतेची जागा हाय म्हणे?"

अनुसयेने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हा माह्या सासऱ्याच्या मागाचा खड्डा हाय," ती म्हणाली. "याच्यात पाय सोडून त्यांनी हे घर उभं केलं, पोराले शिकवलं. आता त्याले देवता म्हणा तं म्हणा. उन्हाळ्यात गल्लीतल्या साऱ्या बाया दुपारी इथंच पाय सोडून बसतात."

इथे तिने थांबायला हवं होतं. मी मागून खुणा करत होतो. पण ती कुठली थांबते!

"उगवतीची भिंत पावसात पाझरते. तुमच्या पाठीले लागला तो चुना कालचाच हाय. मागचं दार फुगते, त्याले लाथ मारा लागते. अन् नत्थूजी पहाटेपासून खोकलते, पण माणूस सोन्यासारखा हाय."

संपलं! मी भिंतीला टेकलो. माझीही पाठ पांढरी झाली.

बाबाराव धुतलेले पाय पुन्हा खड्ड्यात सोडून विचार करत होते. त्यांना उठायची घाई नव्हती. "बाबनराव," शेवटी ते म्हणाले, "तुम्ही दाखवून राहिले होते ते घर मले नव्हतं घ्यायचं. बाईनं दाखवलं ते घेतो. पण खड्डा बुजवायचा नाही, सांगून ठेवतो!"

सुपारी फुटली, टरबूज कापलं. देवकीबाई आणि अनुसया समोरासमोर पाय सोडून बसल्या आणि जन्माच्या मैत्रिणी झाल्या. मी आपल्या बायकोकडे पाहत राहिलो. इतका संसार केला, पण असा अभिमान मला तिचा कधी वाटला नव्हता. आणि वडिलांच्या ज्या खड्ड्याची मला लाज वाटत होती, त्याची किंमत तिला बरोबर ठाऊक होती. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

मुंबईत खोली मिळाली, दोघं एकत्र राहिलो. पुढच्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी नागपूरला आलो आणि भर उन्हात आमच्या जुन्या घरी गेलो. बाबाराव आणि देवकीबाई खड्ड्यात पाय सोडूनच बसले होते. अनुसया सरळ गेली आणि त्यांच्या शेजारी पाय सोडून बसली. मीही वहाणा काढल्या, धोतर सावरलं आणि पुढे झालो.

बाबारावांनी हात आडवा धरला.

"अंहं, बाबनराव! तुम्ही दुरूनच दर्शन घ्या. देवता फार कडक हाय!"

काय करणार? मी हात जोडले आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो.