अडकलेली कडी आणि थांबलेला वाचक

घरगुती अडचणींवर तत्काळ उपाय सुचवणाऱ्या एका संकेतस्थळावर कात्रीभाऊ संपादक म्हणून रीतसर रुजू झाले. महिनाभर काम पाहून कायम करू, असं नेमणूकपत्रात होतं. छापखाना बंद पडल्यापासून भाऊ आठ महिने घरी बसून बायकोच्या प्रत्येक वाक्यात दुरुस्त्या सुचवत होते. त्यामुळे नोकरी टिकावी ही त्यांच्यापेक्षा बायकोचीच इच्छा दांडगी होती.

पहिला लेख एका सुताराचा होता: 'बाथरूमची कडी आतून अडकल्यास काय करावे?' भाऊ म्हणजे पंचवीस वर्षं लोकांच्या मजकुराला कात्री लावलेला माणूस. दोन पानांच्या त्यांनी तासाभरात चार ओळी केल्या. त्या वाचून शेंबडं पोरही बाहेर आलं असतं.

मुख्य संपादकबाईंनी चष्मा काढला.

"भाऊ, हे काय केलंत?"

"उत्तर दिलं."

"तेच चुकलं. उत्तर मिळालं की वाचक उठून जातो. आपल्याला थांबलेला वाचक हवाय."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. कोणत्या लेखावर कोण किती मिनिटं थांबलंय, ते तिथे दिसत होतं. मग त्यांनी भाऊंच्या हाती 'वाचक-निवास धोरण' नावाची पुस्तिका ठेवली. कलम सातनुसार, पहिल्या पाच परिच्छेदांत उत्तर आढळल्यास संबंधित संपादकाकडून लेखी खुलासा मागवण्यात येणार होता.

भाऊंना रात्रभर वाईट वाटलं. सकाळी मात्र त्यांनी कामाला हात घातला. कडीचा उगम, कडी आणि कुटुंबव्यवस्था, अडकलेल्या अवस्थेत मन प्रसन्न कसे ठेवावे, असे एकेक भाग वाढत गेले. 'आपण कडीच्या कोणत्या बाजूला आहात?' अशी दहा प्रश्नांची चाचणीही त्यांनी घातली. उत्तर अकराव्या पानावर गेलं.

सुतार तणतणत आला. "माझी कडी कुठंय?"

"अकराव्या पानावर."

"अहो, तोवर माणूस आत म्हातारा होईल."

"होऊ दे की," बाई म्हणाल्या. "पण भाऊ, अकराव्या पानावर तरी उत्तर कशाला?"

धोरणाच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. भाऊंनी उत्तर काढलं आणि तिथे 'उत्तरासाठी पुढे जा' असं बटण बसवलं. ते दाबलं की वाचक पहिल्या पानावर येई.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बैठक भरली. शिस्तीप्रमाणे सगळ्यांचे फोन कपाटात गेले. भाऊंना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे तिथेच ठरणार होतं. चर्चा चालू असतानाच पडद्यावर भाऊंच्या लेखापुढे एक आकडा चढू लागला. एक वाचक, दहा मिनिटं. मग वीस. इतर लेखांवरचे वाचक दोन-दोन मिनिटांत पळत होते, हा हलायला तयार नव्हता. चाचणी त्याने तीनदा सोडवली. चाळिसाव्या मिनिटाला बाई उभ्या राहिल्या.

"याला म्हणतात निष्ठा. भाऊ, तुम्ही कायम."

टाळ्या झाल्या. भाऊंचे डोळे भरून आले. ही बातमी आधी बायकोला सांगायची म्हणून त्यांनी कपाटातून फोन काढला, तर तिचेच सतरा कॉल येऊन गेलेले. हल्ली बाथरूममध्ये जाताना माणूस टॉवेल विसरतो, फोन विसरत नाही.

भाऊ धापा टाकत घरी पोचले. बाथरूमचं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि शेजारचे काका कुऱ्हाड पुसत होते. बायको खुर्चीत बसून पाणी पीत होती.

"मेलं, तासभर वाचतेय," ती म्हणाली. "कुटुंबव्यवस्था काय, मन प्रसन्न काय. लिहिणारा एकदा समोर येऊ दे, त्यालाच आत कोंडते. तुमचं काय झालं?"

"कायम झालो," भाऊ हळूच म्हणाले.

"चला, एक तरी माणूस प्रामाणिकपणे काम करतोय," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या हातावर साखर ठेवली. भाऊंनी ती मुकाट्याने खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण त्या चार ओळी कोणत्या? कडी उघडायची कशी? त्यासाठीच इथवर थांबलात ना? उत्तम. कृपया पुन्हा पहिल्या परिच्छेदापासून वाचावे.